गाडी जरा गरम होऊ दे

कर्जतला थंडी पडल्याचं पहिल्यांदा कळतं ते सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये. डिसेंबरच्या मध्यावर सकाळी सहाच्या सुमाराला मुद्रे, दहिवली, भिसेगावच्या इमारतींखाली एकापाठोपाठ एक सेल्फ वाजतात, गाड्या सुरू होतात आणि मग काहीच होत नाही. गाडी जागेवर उभी. मालक गाडीबाहेर उभा, कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली, हात काखेत. कोणी यायचं राहिलंय म्हणून तो थांबलाय असंही नाही. ज्याला स्टेशनवर सोडायचं तो मुलगा मागच्या सीटवर बसून पेंगतोय. मालक गाडी गरम करतोय.

"अहो, निघा ना आता, लोकल जाईल त्याची!" गॅलरीतून आवाज येतो.

"थांब गं. इंजिन गार पडलंय."

स्टेशन दीड-दोन किलोमीटरवर. गाडी गरम करायला दहा मिनिटं आणि स्टेशन गाठायला पाच. म्हणजे त्या गाडीच्या सकाळच्या आयुष्यातला दोन तृतीयांश काळ ती जिन्याखालीच घालवते. मुलगा लोकलमागे धावत सुटतो आणि इंजिनापेक्षा आधी गरम होतो.

या विधीला ठरलेले टप्पे आहेत. सुरू झाल्याबरोबर इंजिन जरा मोठ्याने बोलतं, मग मिनिटा-दोन मिनिटांत त्याचा आवाज खाली येतो. त्यावर मालक मान हलवतो. मग खिडकीतून एक पाय आत घालावा तसा अर्धवट आत शिरून तो दोन-तीनदा रेस देतो. सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघते, नळीच्या टोकाशी पाण्याचे थेंब जमतात. शेजारी ते बघून म्हणतो, "पाणी धरलंय वाटतं गाडीने." गाडीने काही धरलेलं नसतं. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतंच, आणि तेही थोडंथोडकं नव्हे: एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ एक लिटर. एरवी ते वाफ होऊन नजरेआड जातं, गार सायलेन्सरमध्ये त्याचे थेंब होतात. पण शेजाऱ्याला रसायनशास्त्र कोण सांगणार? त्याची स्वतःची गाडीही पलीकडे सुरूच असते.

आता थंडीचं बघू. कर्जत उल्हास नदीच्या खोऱ्यात, एका अंगाला माथेरानचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला भीमाशंकरची रांग. समुद्र लांब. त्यामुळे रात्री जमीन लवकर निवते आणि मुंबईपेक्षा इथला पारा चार-पाच अंशांनी तरी खाली जातो. चांगली थंडी पडली की बारा-तेरा अंश. माणसाला शेकोटी पेटवायला हे पुरेसं आहे, आणि वालाच्या शेंगा मडक्यात भरून पोपटी लावायला तर याहून चांगलं हवामान नाही. पण इंजिनाचा हिशोब वेगळा. त्याला काम करायला आवडतं ते नव्वद अंशांच्या आसपास. मे महिन्यात ते तीस अंशांवरून चढायला सुरुवात करतं, डिसेंबरात तेरावरून. म्हणजे उन्हाळ्यात साठ अंशांची चढण, हिवाळ्यात सत्त्याहत्तरची. मे महिन्यात चावी फिरवून सरळ निघणारा माणूस या सतरा अंशांसाठी दहा मिनिटं कानटोपी घालून उभा राहतो.

शिवाय हा रायगड जिल्हा आहे. थर्मामीटरच्या बाबतीत या जिल्ह्याचं नाव देशभर झालं ते मार्च २०१७ मध्ये, भिऱ्याला ४६.५ अंश नोंदले गेले तेव्हा. इथल्या इंजिनाला थंडीची भीती घालणं जरा अतीच.

पण कानटोपीवाल्या काकांना हसण्याआधी एक मान्य करावं लागेल. ते ज्यांच्याकडून शिकले, त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं.

ते शिकले प्रीमियर पद्मिनीकडून. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार व्हायची, आणि तिला कार्बोरेटर होता. कार्बोरेटर म्हणजे हवेच्या झोतात पेट्रोल मिसळणारं एक साधं भांडं. त्याला डोकं नव्हतं. बाहेर थंडी आहे की ऊन, हे त्याला कळायचं नाही. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते नळीच्या भिंतींना चिकटून बसतं आणि सिलिंडरपर्यंत पोचतं ते पातळ मिश्रण. मग गाडी खोकते, मिसिंग करते, पहिला गिअर टाकला की बंद पडते. यावर उपाय म्हणजे चोक. डॅशबोर्डजवळची ती काळी मूठ ओढली की हवा अडायची आणि पेट्रोलचं प्रमाण वाढायचं. मात्र ती किती ओढायची आणि कधी आत ढकलायची, हे ज्याचं त्याला कळायचं. जास्त वेळ ओढून ठेवली तर प्लग ओले, गाडी ओव्हरफ्लो, आणि मग चार पोरं बोलावून धक्का. चोक नेमका जमणं हे त्या काळी कर्तेपणाचं लक्षण होतं. घरात एकालाच जमायचा आणि तो इतरांना हात लावू द्यायचा नाही.

स्कूटरवाल्यांचं त्याहून वेगळं. आकुर्डीच्या बजाज चेतकला थंडीत आधी एका कुशीवर झोपवायचं, पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत उतरलं असं मनाशी ठरवायचं, मग सरळ करून किका मारायच्या. ऑफिसला जाण्याआधी सबंध गल्ली आपापल्या स्कूटरी कलत्या करून उभी असायची. बाहेरगावच्या माणसाला ते सामूहिक व्यायामासारखं दिसलं असतं, तर त्यात त्याची चूक नव्हती.

डिझेलवाल्यांकडे चोक नव्हता, त्यांच्याकडे हीटर होता. चावी अर्धी फिरवायची, डॅशबोर्डवर वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा लागायचा, तो विझेपर्यंत दम धरायचा आणि मगच सेल्फ मारायचा. तो दिवा आजही अनेक डिझेल गाड्यांत आहे. फरक एवढाच की पूर्वी तो विझेपर्यंत ड्रायव्हरची बिडी शिलगून व्हायची, आणि कर्जतच्या हवेत आता तो दिसला न दिसला तोच जातो.

म्हणजे गाडी गरम करणं ही त्या पिढीची अंधश्रद्धा नव्हती. ते तंत्र होतं, आणि यंत्राला त्याची गरज होती. घोटाळा झाला तो नंतर. यंत्र बदललं आणि तंत्र तसंच राहिलं.

यंत्र बदललं ते नव्या शतकाच्या उंबरठ्यावर. एप्रिल २००० पासून देशभर धुराचे नवे नियम आले, आणि ते पाळणं कार्बोरेटरच्या कुवतीबाहेरचं होतं. मोटारींत पेट्रोलची पिचकारी मारणारे इंजेक्टर आले, त्यांच्यावर देखरेखीला संगणक आला. तेव्हा गाड्यांच्या पाठीवर 'एमपीएफआय' ही अक्षरं पदवीसारखी मिरवली जायची. अर्थ फारच थोड्यांना माहीत होता, पण 'आपली एमपीएफआय आहे' असं सांगताना आवाज आपोआप खर्जात जायचा. चोकची मूठ डॅशबोर्डवरून नाहीशी झाली. ती का नाहीशी झाली, हे मात्र बहुतेकांनी विचारलं नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली ऑक्टोबर २००३ मध्ये, आणि वीस वर्षांची मुदत संपून ती रस्त्यावरून गेली ऑक्टोबर २०२३ अखेरीस. तिला निरोप द्यायला छायाचित्रकार आले, लेख आले. तिच्याबरोबर सकाळचं गरम करणंही जायला हवं होतं. ते राहिलं.

आजच्या गाडीत चोकचं काम कोण करतं? इंजिनातल्या पाण्याचं तापमान मोजणारा एक सेन्सर आहे, आत येणाऱ्या हवेचं मोजमाप ठेवणारे आहेत, बाहेर जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला हे हुंगणारा आहे. या सगळ्यांचं ऐकून संगणक दर क्षणाला ठरवतो की पेट्रोल किती सोडायचं. तेरा अंशांना थोडं जास्त, इंजिन तापत जाईल तसं कमी. काकांनी आयुष्यभर बोटांच्या टोकांनी जे केलं, तेच हा सेकंदात अनेकदा करतो, आणि कोणाला सांगतही नाही. सुरुवातीला इंजिन मोठ्याने बोलतं तेही त्याच्याच हुकमावरून. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. तो लवकर तापावा म्हणून संगणक मुद्दाम इंजिनाच्या फेऱ्या वाढवतो. त्यामुळे मान हलवून काका ज्याला दाद देतात ते गाणं त्यांच्यासाठी नसतंच.

यावर काकांकडे एक हुकमी मुद्दा असतो. "ऑइल वर चढायला वेळ लागतो की नाही?"

लागतो. तीन-चार सेकंद. ऑइलचा लाल दिवा विझला की पंपाने दाब धरला, आणि काका सीटबेल्टचं टोक शोधेपर्यंत हे होऊन गेलेलं असतं. जुन्या जाड ऑइलला गारठ्यात वाहायचा कंटाळा यायचा हे खरं. पण आता बहुतेक गाड्यांत ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० अशा जातीचं पातळ ऑइल असतं. डब्याच्या किमतीकडे बघताना हे आकडे कोणी वाचत नाही. त्यातल्या ५डब्ल्यूची परीक्षा उणे तीस अंशांना घेतात, ०डब्ल्यूची उणे पस्तिसला. उणे तिसाच्या परीक्षेत पास झालेल्याला कर्जतच्या अधिक तेरात कानटोपी घालणं हा त्याचा अपमान आहे.

उलट उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवण्याचे तोटे आहेत, आणि ते थंडीच्या नावाखाली आपण विकत घेतो. गार इंजिनाला संगणक जास्त पेट्रोल देत असतो. त्यातलं न जळलेलं थोडं सिलिंडरच्या भिंतींवरचा ऑइलचा थर धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. इंजिन गार असण्याचा हा काळ जितका लांबेल तितकी झीज, आणि तो लांबवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गाडी जागेवर चालू ठेवणं. कारण रिकाम्या इंजिनाला कामच नसतं, आणि काम नाही तर उष्णता नाही. डिझेलचं तर आणखी वाईट. ते जागेवर इतकं कमी जळतं की पंधरा मिनिटांनीही काटा तळाशीच रेंगाळतो. पोपटीचं मडकं जागेवर बसून शिजतं, इंजिन पळत पळत तापतं. शिवाय इंजिन तापलं म्हणजे गाडी तापली असंही नाही. गिअरबॉक्सचं ऑइल, चाकांचे बेअरिंग, टायर हे सगळे पार्किंगमध्ये थंडगार बसून असतात. चाकं फिरल्याशिवाय त्यांना कळणारच नाही की सकाळ झाली.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा सल्ला साधा आहे: अर्धं मिनिट थांबा आणि हळू चालवत निघा. बर्फाच्या देशातल्या सरकारचं म्हणणं अर्धं मिनिट, आणि बिनबर्फाच्या कर्जतकराचं दहा. जर्मनीत विनाकारण इंजिन चालू ठेवणं वाहतूक नियमांत बसत नाही. तिथे सकाळी गाडी गरम करत उभ्या राहणाऱ्याला दंड होऊ शकतो. आपल्याकडे असा दंड लावला तर डिसेंबर-जानेवारीत नगरपरिषदेचं अंदाजपत्रक एका पार्किंगमधून निघेल.

छोटं पेट्रोल इंजिन जागेवर तासाला साधारण अर्धा-पाऊण लिटर पितं. दहा मिनिटांचे झाले शंभर मिलिलिटर, म्हणजे आजच्या भावात दहा रुपये. नोव्हेंबर अखेरपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत रोज केलं तर आठ-नऊशे. स्टेशनबाहेर शेअर रिक्षावाल्याने पाच रुपये जास्त मागितले तर चार फाट्यापर्यंत ऐकू जाईल असा वाद घालणारा हाच गृहस्थ.

सीएनजीवाल्यांची गोष्ट तर स्वतंत्र नाटकाची आहे. पेट्रोल परवडत नाही म्हणून सीएनजी गाडी घ्यायची, त्यासाठी डिकीत टाकी बसवून गावच्या सामानाची जागा घालवायची, पंपावर लांबलचक रांगेत उभं राहायचं. आणि सकाळी? कंपनीतून सीएनजी बसवून येणाऱ्या बऱ्याच गाड्या सुरू होतात पेट्रोलवरच, आणि इंजिन ठरावीक तापलं की मग आपणहून गॅसवर जातात. टाटाच्या आयसीएनजी गाड्यांसारख्या थेट गॅसवर सुरू होणाऱ्याही आहेत, पण त्या वेगळ्या. बाकीच्यांचा मालक ठरवतो की गॅसवर गेल्याचा दिवा लागल्याशिवाय हलायचंच नाही. म्हणजे पेट्रोल वाचवायला घेतलेल्या गाडीत तो रोज सकाळी जागेवर बसून पेट्रोल जाळतो, कशासाठी तर पेट्रोल वाचायला लागावं यासाठी. गाडी हलवली असती तर तोच दिवा दहिवलीच्या पुलापर्यंत लागला असता.

आता एक वर्ग असा, ज्याला सकाळी गाडी चालू ठेवण्याचा पुरेपूर अधिकार आहे. कर्जतच्या एसटी आगारात पहाटेची लालपरी सुरू होऊन बराच वेळ गुरगुरत उभी असते. तिकडे बोट दाखवून काका म्हणतात, "बघा, ते काय वेडे आहेत?" ते वेडे नाहीत. एसटीचे आणि ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. रात्रभर उभ्या गाडीच्या टाक्यांतली हवा उतरते, ती पुन्हा भरेपर्यंत बझर ओरडत राहतो, आणि हवा झाल्याशिवाय गाडी काढणं म्हणजे ब्रेकशिवाय काढणं. काकांच्या पाच दरवाज्यांच्या गाडीला हवेचे ब्रेक नाहीत. तिला फक्त चार चाकांत हवा लागते, आणि ती मात्र त्यांनी गणपतीनंतर तपासलेली नाही.

खालापूर तालुक्यात शिरलं की विषय जरा गंभीर होतो, कारण इथे घाट सुरू होतो. खोपोली शिळफाट्यावर राहणारा माणूस सकाळी पुण्याकडे निघाला तर थोड्याच वेळात बोरघाटाची चढण त्याच्या पुढ्यात. खोपोलीहून खंडाळा साधारण पाचशे मीटर वर. गार इंजिनावर सगळ्यात वाईट काय, तर हे: आल्या आल्या जोर. इथे मिनिटभर थांबणाऱ्याला कोणी हसू नये. पण या तालुक्यातली रीत नेमकी उलटी आहे. घराखाली दहा मिनिटं प्रेमाने गरम करायचं, आणि नंतर खालापूरच्या टोलनाक्यावरून फास्टॅगची शिट्टी वाजताच इंजिन लाल रेघेला भिडवायचं. गिअरबॉक्स अजून झोपेत, टायर गार, आणि आठ सीटची गाडी शंभराच्या पलीकडे. सकाळी ज्याची एवढी काळजी घेतली, त्याला दोन किलोमीटरवर असं वागवतात.

बोरघाटाला खरं तर थंडीशी काहीच देणंघेणं नाही. याचं वैर उष्णतेशी. पद्मिनी-ॲम्बॅसेडरच्या काळात या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग हा देखाव्याचाच भाग होता. चढताना इंजिन इतकं तापायचं की पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पुरवठाच तुटायचा. मग पेट्रोलपंपावर, म्हणजे बॉनेटखालच्या त्या लहानशा पंपावर, ओला फडका टाकायचा. प्रत्येक गाडीत पाण्याचा कॅन, एक फडका आणि 'रेडिएटरचं झाकण आत्ता उघडू नको' असं सांगणारा एक मामा असे तीन जिन्नस सक्तीचे होते. तोच माणूस पहाटे खोपोलीत इंजिन गरम व्हावं म्हणून उभा असायचा आणि नऊच्या सुमाराला खंडाळ्याच्या वळणावर ते गार व्हावं म्हणून.

आजही सलग सुट्ट्यांचा शनिवार आला की घाटात तापून बंद पडलेल्या गाड्यांमुळे रांगा लागतात. जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना याच धनगराने दाखवली असं सांगतात, आणि येणारे-जाणारे ड्रायव्हर त्याच्यापुढे नाणं टाकून जातात. श्रद्धेचा प्रश्नच नाही, टाकावं नाणं. पण बाटलीतला कूलंट किमान रेघेच्या खाली गेलेला असताना नुसत्या शिंग्रोबावर भार टाकणं बरं नाही. त्याने वाट दाखवली, रेडिएटर भरून देण्याचं कबूल केलेलं नाही.

आणि माथेरान. सबंध कर्जत तालुक्यात थंडीच्या नावावर जिथे गाडी गरम करायला थोडंफार निमित्त मिळालं असतं, अशी जागा आठशे मीटर उंचीवरचं माथेरान. तिथे मोटारींना बंदी. १९०७ पासून नेरळहून छोटी रेल्वे जाते, वर घोडे आहेत, डिसेंबर २०२२ मध्ये प्रयोग म्हणून ई-रिक्षा आल्या. त्यांना गरम करावंच लागत नाही. तुमची-आमची गाडी दस्तुरी नाक्याच्या पार्किंगमध्ये थांबते. रात्रभर तिथल्या गारठ्यात उभी राहिलेली गाडी सकाळी काढताना पर्यटक हमखास तिला पंधरा मिनिटं गरम करतो आणि मग नेरळकडे उतरायला लागतो. सगळा उतार. पाय ॲक्सिलेटरवरून उचलला आणि गाडी गिअरमध्ये असली की संगणक पेट्रोल बंदच करून टाकतो, इंजिन नुसतं चाकांच्या जोरावर फिरतं. म्हणजे पंधरा मिनिटांत जे कमावलं ते उतारावर पुन्हा निवायला लागतं. नेरळ-माथेरानचे टॅक्सीवाले मात्र चावी फिरवतात, प्रवासी मोजतात आणि निघतात. त्यांना पेट्रोल स्वतःच्या खिशातून भरायचं असतं.

कशेळे, कडाव परिसरातल्या फार्महाउसवर शनिवार-रविवार येणाऱ्या मुंबईकरांनी या विधीत आधुनिकता आणली आहे. ते गाडी मोबाइलमधून सुरू करतात. पांघरुणात बसल्या जागी बटण दाबलं की अंगणात एसयूव्ही घरघरते. ही सोय मुळात उन्हात तापलेली गाडी एसीने आधीच गार करून ठेवायला जास्त कामाची. कर्जतला येऊन ती उलटी वापरली जाते. गडी विचारतो, "शेठ, निघताय?" शेठ म्हणतात, "छे, अजून तासभर आहे. इंजिन जरा लागू दे." इंजिन लागतं. चहा येतो, पोहे येतात, इंजिन लागतच राहतं.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शटर लावलेल्या गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवू नका, पाच मिनिटंही नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि गार इंजिन तो जास्त सोडतं. थंडी वाजते म्हणून शटर खाली ओढून गाडी गरम करणं जिवावर बेतू शकतं. दुसरी गोष्ट मांजराची. रात्री परतलेल्या गाडीचं इंजिन ही थंडीतली सर्वांत उबदार जागा असते, आणि मांजरांना हे कोणी पुस्तिकेतून सांगावं लागत नाही. सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा माराव्यात. मांजर असेल तर जाईल, उंदीर असेल तर मांजराच्या मागोमाग त्याचीही व्यवस्था होईल.

खरी थंडी कुठे असते, हे विचारायचं असेल तर याच घरांतल्या परदेशी गेलेल्या मुलांना विचारावं. एडमंटन, विनिपेगमध्ये उणे तीस म्हणजे नेहमीचं. तिथे गाडीच्या पुढच्या जाळीतून विजेची वायर लोंबत असते, ती पार्किंगमधल्या सॉकेटला जोडायची, आत बसवलेला हीटर इंजिनाचा ठोकळा एक-दोन तास आधी तापवतो, तेव्हा कुठे गाडी सुरू होते. लडाखमध्ये साधं डिझेल हिवाळ्यात गोठून जायचं. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथे उणे तेहतीस अंशांपर्यंत प्रवाही राहणारं खास डिझेल आणलं, तोवर ट्रकवाल्यांचे काय हाल होत ते त्यांनाच ठाऊक. आणि कर्जतचे बाबा तेरा अंशांत स्वेटर घालून व्हिडिओ कॉलवर त्या उणे तिसातल्या पोराला बजावतात, "अरे, गाडी गरम करून काढत जा हो!" पोरगा 'हो बाबा' म्हणतो. त्याची गाडी रात्रभर वायरला लावलेली असते.

गाडीबरोबर जी पुस्तिका येते तिच्यात हे बहुतेक सगळं लिहिलेलं असतं. ती डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, पीयूसीच्या जुन्या पावत्यांखाली सुखरूप असते. नवी गाडी महडच्या वरदविनायकाला नेली तेव्हा पुस्तिकेवर जे हळदकुंकू पडलं, त्यानंतर तिला कोणाचा हात लागलेला नाही.

तेव्हा कर्जत-खालापूरच्या मंडळींना विनंती एवढीच. बॉनेटवर थाप मारा, गाडी सुरू करा, पट्टा लावा, आरसा नीट करा, आणि निघा. अनेक गाड्यांत इंजिन गार असेपर्यंत पाण्याच्या खुणेचा निळा दिवा लागलेला असतो. तो विझेपर्यंत रेस कमी ठेवा, ओव्हरटेक करायची हौस आवरा. घाट चढायचा असेल तर कूलंटची पातळी आदल्या संध्याकाळी, इंजिन निवलेलं असताना बघून ठेवा. आणि मागच्या सीटवरच्या मुलाची सहा-बावीसची लोकल असेल, तर त्याला सहा-वीसला घराखाली बसवून ठेवू नका.